प्रोसीजर लिहिल्या, पण कोणी वापरत नाही: सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) दीडशे माणसांची कंपनी. सबस्टेशनसाठी कंट्रोल पॅनेल आणि बॅटरी चार्जर बनवते, आणि जवळजवळ प्रत्येक ऑर्डर आधीच्यापेक्षा थोडी वेगळी. एका मोठ्या ग्राहकाच्या ऑडिटनंतर सल्लागाराकडून सिस्टिम्स इंजिनिअरिंगच्या (ग्राहकाची मागणी समजून घेण्यापासून ती तपासून देईपर्यंतचं काम शिस्तीत करायच्या) ४२ प्रोसीजर लिहून घेतल्या. आठ महिने झाले, त्या सर्व्हरवर पडून आहेत. डिझाइनवाले म्हणतात वेळ नाही, शेठ विचारतात यातून सुटणार किती, आणि हे काम ज्यांच्यावर सोपवलंय त्या क्वालिटी इंजिनिअरनी विचारलंय: लोकांची मानसिकता कशी बदलायची, आणि रिक्वायरमेंटचं, म्हणजे ग्राहकाच्या मागण्यांची नोंद ठेवणारं, एखादं सॉफ्टवेअर घेतलं तर हे मार्गी लागेल का?

मानसिकतेचा विषय आधी बाजूला ठेवा. तुमचे डिझाइनर आळशी नाहीत आणि हट्टीही नाहीत, त्यांचा हिशेब बरोबर आहे. टेंडरचं प्रत्येक कलम नीट वाचून उतरवायला डिझाइनरचे चार तास आज जातात. त्या चार तासांचा फायदा तीन महिन्यांनी टेस्टिंगला होतो आणि सहा महिन्यांनी साइटवर कमिशनिंगला (माल बसवून चालू करून द्यायला) जाणाऱ्या माणसाला होतो. डिझाइनरकडे मात्र सगळे एकच गोष्ट विचारतात, जीए ड्रॉइंग (पॅनेलच्या एकूण मांडणीचं चित्र) कधी सुटलं. खर्च एकाच्या खिशातून आणि नफा दुसऱ्याच्या, अशी रचना असेल तर कितीही ट्रेनिंग दिलं तरी ती प्रोसीजर चालत नाही. म्हणून अडथळा कुठलाही समोर आला की मी पहिलं हेच बघतो: या कागदासाठी वेळ कोण देतंय, त्याचा त्रास कोणाचा वाचतोय, आणि दोघं एकाच टेबलावर कसे आणता येतील.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. पुढचं सगळं सबस्टेशनच्या कामाला लागू आहे. उद्या रेल्वेच्या सिग्नलिंगचं किंवा डब्यातल्या ब्रेक-दरवाजांच्या कंट्रोलचं काम घेतलंत आणि ग्राहकाने ईएन ५०१२६ (रेल्वेसाठीचं विश्वासार्हतेचं आणि सुरक्षिततेचं युरोपीय मानक) किंवा सुरक्षिततेची एसआयएल पातळी मागितली, तर कितीतरी पुरावे आणि तपासणाऱ्याचं स्वातंत्र्य बंधनकारक असतं. तिथे 'हे नंतर करू' ही सोय नाही. तसंच तुमचा बराचसा माल कॅटलॉगचा असेल, तर दर ऑर्डरला हे करण्यात अर्थ नाही. मूळ उत्पादनावर एकदाच मेहनत घ्या.

सुरुवात पैशांपासून करा, कारण शेठचा प्रश्न रास्त आहे. संपलेल्या शेवटच्या दहा-बारा ऑर्डर घ्या. त्यांच्या एनसीआर (दोषांच्या नोंदी), ईसीएन (डिझाइन बदलाच्या नोटिसा), एफएटीतले (डिस्पॅचआधी कारखान्यात होणाऱ्या चाचणीतले) पॉइंट आणि साइट व्हिजिटची प्रवासबिलं एकत्र काढा. प्रत्येक दुरुस्तीपुढे दोन गोष्टी लिहा: चूक जन्मली कुठे आणि सापडली कुठे. जन्मस्थानं सहाच ठेवा: ग्राहकाची मागणी निसटली किंवा चुकीची समजली, दोन भागांमधला इंटरफेस जुळला नाही, डिझाइनची चूक, व्हेंडरचा माल, शॉपफ्लोअरवरची चूक, आणि ग्राहकाने खरोखर मागणी बदलली. एक जण क्वालिटीचा आणि एक जण साइटवर जाणारा, दोघांना दोन दिवसांत हे जमतं. यात वाद ठरलेला असतो. डिझाइन म्हणतं 'ग्राहकाने बदललं', सर्व्हिस म्हणतं 'टेंडरमध्ये पहिल्यापासून होतं'. त्यासाठी नियम आधीच ठरवा: ही चूक ज्या कागदावर सगळ्यात आधी दिसू शकली असती, तिथे तिचा जन्म. माणसाचं नाव कुठेही लिहायचं नाही.

मग रुपये. महिना ६०,००० रुपये खर्चाचा इंजिनिअर आणि महिन्याला सुमारे १७० तास धरले तर तास ३५० रुपयांना पडतो. समजा ग्राहकाची केबल वरून येणार होती आणि आपण ग्लँड प्लेट (केबल पॅनेलमध्ये घ्यायची प्लेट) खाली दिली. ड्रॉइंगवर असताना ही दुरुस्ती २० मिनिटांची, म्हणजे सव्वाशे रुपयांच्या आत. पॅनेल साइटवर पोचल्यावर कळलं तर दोन माणसं, जाऊन-येऊन चार दिवस, म्हणजे ६४ तास आणि २२,४०० रुपये. त्यात तिकीट, लॉज, नवी प्लेट आणि वायरिंगची ओढाताण वेगळी. डिस्पॅच लांबला आणि करारात दर आठवड्याला अर्धा टक्का दंड असेल, जो बऱ्याच सरकारी टेंडरांत असतो, तर तोही धरा. बारा ऑर्डरींचा असा एक पानाचा तक्ता शेठसमोर ठेवला की बोलणं मानकांवरून निघून आपल्याच प्रवासबिलांवर येतं. बाहेरच्या अभ्यासांतले टक्के त्यांना सांगू नका. ते बहुतेक मोठ्या संरक्षण आणि अवकाश प्रकल्पांचे असतात. मकरपुऱ्यातल्या कारखान्याला ते लागू पडत नाहीत, आणि शेठना ते लगेच कळतं.

ऑर्डरप्रमाणे बदलणाऱ्या मालात या तक्त्यात बहुधा पहिले दोन रकाने जड निघतात: मागणी आणि इंटरफेस. तुमच्याकडे व्हेंडरचा माल किंवा शॉपफ्लोअर जड निघालं तर पुढचं वाचून लगेच करू नका, आधी तिकडे लक्ष द्या. पहिले दोनच निघाले तर ४२ प्रोसीजर सोडा आणि दोन कागद धरा.

पहिला कागद म्हणजे कलमांची नोंदवही. एक्सेलचा तक्ता पुरतो, आठ रकाने: क्रमांक, मूळ कुठलं (कागदाचं नाव, रिव्हिजन, पान, कलम), मूळ मजकूर जसाच्या तसा, आपल्याला समजलेला अर्थ, स्थिती (मान्य, विचलन म्हणजे मागितल्यापेक्षा वेगळं देणार, किंवा प्रश्न), कुठल्या ड्रॉइंगमध्ये किंवा प्रोग्राममध्ये उतरलं, कसं तपासणार (चाचणी, पाहणी की गणित), आणि जबाबदार माणूस. यातला चौथा रकाना सगळ्यात मोलाचा आहे आणि लोक नेमका तोच टाळतात. टेंडरचं इंग्रजी वाक्य कॉपी-पेस्ट केलं की न समजलेलंही समजल्यासारखं दिसतं. तो रकाना गुजरातीत लिहू द्या, हिंदीत, मराठीत, ज्याला ज्यात विचार करता येतो त्यात. 'चार्जरचं रिपल (डीसी आउटपुटमध्ये उरलेला चढउतार) कमी असावं' या वाक्याला सगळे मान डोलावतात. पण 'पूर्ण भारावर, बॅटरी न जोडता, आउटपुटला रिपल २ टक्के आरएमएसच्या आत' असं कोणी लिहिलं की शेजारचा विचारतो, बॅटरी जोडून की न जोडता? तो प्रश्न टेंडरच्या टप्प्यावर विचारायला काही लागत नाही. एफएटीच्या दिवशी इन्स्पेक्टरसमोर निघाला तर फिल्टर बदलावा लागतो.

अर्थ लिहिण्यासाठी एक साचा ठेवला तर काम सोपं होतं. रोल्स-रॉइसमधल्या अलिस्टर मॅव्हिन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडलेली ईअर्स ही पद्धत मला यासाठी सगळ्यात हलकी वाटते: अमुक स्थितीत, अमुक घडलं की, अमुक उपकरणाने अमुक करावं. 'एसी सप्लाय गेल्यावर चार्जरने ५ सेकंदांत अलार्मचा पोटेन्शियल-फ्री संपर्क बदलावा.' (पोटेन्शियल-फ्री संपर्क म्हणजे स्वतःचा वीजदाब नसलेला, फक्त उघडझाप करणारा स्विच.) यात घटना आहे, करणारा आहे, वेळ आहे, आणि टेस्टिंगवाल्याला काय करून बघायचं ते आपोआप कळतं.

आता ही नोंदवही हमखास कुठे फसते ते सांगतो. ८० पानांच्या टेंडरमधून सहज अडीचशे-तीनशे ओळी निघतात. सगळ्या दर ऑर्डरला भरायला लावल्या तर तिसऱ्या ऑर्डरीला मागची फाइल उचलून नाव बदललं जातं. म्हणून मूळ उत्पादनाची एक पायाभूत नोंदवही करा. आरएएल ७०३२ रंग, आयपी ५४ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाची पातळी), टर्मिनल ब्लॉकवर २० टक्के मोकळी टर्मिनल्स, असं जे तुमच्या मालात नेहमीच असतं ते त्यात एकदाच. ऑर्डरच्या नोंदवहीत फक्त फरक लिहायचा. मूळ काम मोठं आहे, पण त्यानंतर साधारण ऑर्डर ३०-४० ओळींत बसायला लागते, आणि इतकं माणूस मनापासून भरतो. क्रमांक एकदा दिला की पुन्हा वापरायचा नाही. ओळ रद्द झाली तर रेघ मारायची, काढून टाकायची नाही. नाहीतर ड्रॉइंगवरचा संदर्भ दुसऱ्याच ओळीकडे बोट दाखवायला लागतो.

दुसरी फसगत म्हणजे डिस्पॅचच्या आदल्या रात्री भरलेली नोंदवही. ओळखायची खूण सोपी आहे: सगळ्या ओळींची स्थिती एकाच तारखेला 'मान्य' झालेली असते आणि 'प्रश्न' एकही नसतो. खऱ्या ऑर्डरीत प्रश्न नसतात असं होत नाही. लोकांना बोलून हे थांबत नाही. नोंदवही कुठल्यातरी खऱ्या निर्णयाला बांधावी लागते, आणि तुमच्या धंद्यात तो निर्णय एकच आहे: बीओएम (लागणाऱ्या मालाची यादी) खरेदीला सोडणं. 'प्रश्न' या स्थितीतली ओळ ज्या भागाला लागते, त्या भागाचा बीओएम सुटणार नाही, एवढंच. पण सरसकट दरवाजा लावलात तर पहिल्याच आठवड्यात लोक भिंत फोडून रस्ता काढतील, आणि त्यांचं बरोबर असेल. ट्रान्सफॉर्मर, पीएलसी (नियंत्रणाचा छोटा संगणक), काही मीटर यांना आठवडेच्या आठवडे लागतात, त्यांची ऑर्डर थांबवून चालत नाही. म्हणून लांब मुदतीच्या वस्तूंची वेगळी यादी ठेवा. त्या प्रश्न उघडा असतानाही सुटतील, पण 'हा प्रश्न उलटा गेला तर नुकसान एवढं' असं एका ओळीत लिहून प्रोजेक्टवाल्याच्या सहीने. सही मागायचं कारण शिक्षा नाही. जोखीम कोणी आणि कळून घेतली हे दिसावं, इतकंच.

दुसरा कागद इंटरफेसचा, आणि तो यापेक्षा छोटा आहे. दोन बाजू जिथे जुळतात तिथे एक पान, दोन्ही बाजूंचा एकेक मालक, दोघांच्या सह्या. तुमच्याकडे अशी ठिकाणं चार-पाचच असतील: केबल एंट्री आणि फाउंडेशन, एसी पुरवठा, डीसी लोड आणि बॅटरी, अलार्मचे संपर्क, आणि स्काडा (दुरून देखरेख करणारी संगणक यंत्रणा). स्काडाचं पान सगळ्यात काळजीने करा. मॉडबसमध्ये (उपकरणांनी एकमेकांना आकडे पाठवायची पद्धत) मॅन्युअलमधलं ४०००१ हे रजिस्टर, म्हणजे आकडा ठेवायची जागा, म्हणजेच तारेवरून जाणारा पत्ता शून्य. एक बाजू एकपासून मोजते, दुसरी शून्यापासून, आणि व्होल्टेजच्या जागी करंट दिसतो. ३२ बिटांची किंमत दोन रजिस्टरांत जाते, त्यात आधी वरचा शब्द की खालचा हे मॉडबसच्या मानकाने ठरवलेलंच नाही, ते आपल्याला लिहावं लागतं. पानावर प्रत्येक सिग्नलचा पत्ता, मोजणी कुठून, शब्दांचा क्रम, एकक, गुणक आणि एक नमुना आकडा हवा: '११०.५ व्होल्ट असेल तेव्हा रजिस्टरमध्ये ११०५ दिसेल.' हा नमुना आकडा एफएटीत प्रत्यक्ष वाचून बघायचा.

ही शेवटची पायरी गाळू नका. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर १९९९ मध्ये मंगळाशी पोचता पोचता हरवलं, कारण जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने आकडे पाउंड-फोर्स सेकंदात दिले आणि दिशा ठरवणाऱ्यांनी ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. इंटरफेसच्या कागदात न्यूटन-सेकंदच लिहिलेलं होतं. कागद होता, बरोबरही होता. समोरचा त्याप्रमाणे वागतोय का हे एका ओळखीच्या आकड्याने तपासलं गेलं नाही.

इथवर थोडक्यात: दुरुस्त्यांचा हिशेब, फरकापुरती नोंदवही, बीओएमला बांधलेला दरवाजा, आणि इंटरफेसची चार-पाच पानं. पहिल्या सहा महिन्यांसाठी एवढंच. आता माणसांकडे येऊ, कारण खरी अडचण तिथे जाणवते.

तुमच्याकडे बहुधा वीस-पंचवीस वर्षं काढलेले एखादे डिझाइनचे भाई असतील. सगळं त्यांच्या डोक्यात असतं आणि नव्या कागदाला पहिला विरोध त्यांचाच होतो. त्यांना हा कागद म्हणजे आपल्या अनुभवावरचा अविश्वास वाटतो. त्यांना नोंदवही भरायला सांगू नका. टेंडर हातात आल्यावर ते मनात जे प्रश्न विचारतात ते विचारा आणि तुम्ही लिहून घ्या: साइटची समुद्रसपाटीपासून उंची किती, केबल वरून की खालून, बॅटरी लेड-ॲसिड की निकेल-कॅडमियम, दार डावीकडे उघडायला जागा आहे का. दोन बैठकांत चाळीसेक प्रश्नांची यादी होते. त्या यादीवर त्यांचं नाव घाला. नवीन मुलं नोंदवहीआधी ती यादी चालवतील. यामुळे ज्ञान कागदावर येतं, आणि विरोध करणारा माणूस त्या कागदाचा मालक होतो. मला यापेक्षा चांगला उपाय माहीत नाही.

सेल्सचा अडथळा वेगळा असतो. त्यांना भीती असते की प्री-बिडला (बोली भरण्याआधी) प्रश्न विचारले किंवा विचलनांची यादी दिली तर ऑर्डर जाईल. भीती अगदीच खोटी नाही. म्हणून विचलनं दोन गटांत करा: जी किमतीवर किंवा मुदतीवर परिणाम करतात ती बोलीआधी विचारायचीच, बाकीची ड्रॉइंग मंजुरीच्या वेळी ग्राहकासमोर ठेवायची. पहिल्या गटात सहसा पाच-सात ओळीच येतात, आणि सेल्सला तेवढ्या पचतात.

शॉपफ्लोअरला नोंदवही दाखवू नका, त्यांना तिचा उपयोग नाही. त्यांच्यापर्यंत फक्त फरक पोचायला हवा: 'या ऑर्डरीत नेहमीपेक्षा वेगळं काय', एक पान, मोठ्या अक्षरात, गुजरातीत, पॅनेलच्या दारावर चिकटवलेलं. वायरमन हाताच्या सवयीने मागच्या ऑर्डरीसारखं करतो, आणि त्याची सवय हेच त्याचं कौशल्य आहे. सवय कुठे मोडायची ते त्याला आधी कळलं पाहिजे.

आणि तुम्ही स्वतः. क्वालिटीतल्या इंजिनिअरकडे हुकूम चालवायचा अधिकार नसतो, तो मागूही नका. शेठकडे तीनच गोष्टी मागा: एक ऑर्डर, एका डिझाइनरचे आठवड्याला चार तास (आणि तेवढ्यापुरती त्याच्या ड्रॉइंगची तारीख दोन दिवस पुढे), आणि सगळ्यांसमोर एक वाक्य, 'प्रश्न उघडा असेल तर बीओएम सुटणार नाही.' दुसरी गोष्ट कंसातल्या दोन दिवसांसकट मिळाली नाही तर सुरू करू नका, कारण मग ते चार तास डिझाइनरच्या रात्रीतून जातील आणि पुढच्या वेळी तो तुमचं ऐकणार नाही. ऑर्डर मध्यम निवडा. सगळ्यात मोठीत कोणी प्रयोग करू देत नाही, आणि सगळ्यात सोपीत काही सिद्ध होत नाही.

वेळही बघा. नवरात्रात बडोद्यात कोणाकडून नवं काम उचललं जात नाही, रात्री गरबा आणि सकाळी शिफ्ट. दिवाळीनंतर लाभपाचमेला कामं सुरू होतात तेव्हा आरंभ करा आणि पहिली ऑर्डर जानेवारीअखेर एफएटीपर्यंत न्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये बिलिंगची घाई असते, त्या दिवसांत नवी शिस्त पहिल्या धक्क्याला मोडते आणि मोडलेली पुन्हा उभी करणं जड जातं.

मोजायचे आकडे दोनच: बीओएम सुटल्यानंतर मागणी किंवा इंटरफेसमुळे झालेले बदल, आणि एफएटीत पहिल्या फेरीत निघालेले पॉइंट. शेठना आधीच सांगून ठेवा की पहिले दोन-तीन महिने आकडे वाढतील. चुका वाढलेल्या नसतात, त्या लिहिल्या जाऊ लागलेल्या असतात. हे आधी सांगितलं नाही तर नेमकं त्याच वेळी काम बंद पडतं. आणि हे आकडे कोणाच्याही अप्रेझलला लावू नका. ज्या दिवशी लावाल त्या दिवसापासून एनसीआर कमी होतील आणि साइटवरचे फोन वाढतील.

सॉफ्टवेअर आत्ता घेऊ नका. डोअर्ससारखं, मागण्यांची नोंद ठेवणारं टूल तेव्हा कामाला येतं जेव्हा एकच मागणी अनेक उत्पादनांत वेगवेगळ्या रिव्हिजनमध्ये जगत असते आणि प्रोग्रामपासून टेस्टपर्यंत माग काढावा लागतो. तीन-चार लिहिणारे आणि ऑर्डरला चाळीस ओळी असताना शेअर केलेली एक्सेल फाइल, एक मालक आणि रिव्हिजन क्रमांक पुरतात. क्रमांकांची शिस्त नसताना घेतलेलं टूल तोच गोंधळ महाग करून परत देतं.

राहिल्या ४२ प्रोसीजर. सल्लागाराने बहुधा आयएसओ/आयईसी/आयईईई १५२८८ (सिस्टिम्स इंजिनिअरिंगचं आंतरराष्ट्रीय मानक) समोर ठेवून त्या लिहिल्या असतील. त्या मानकात ३० प्रक्रिया आहेत, पण आपल्या गरजेप्रमाणे त्या कमी-जास्त करायची तरतूदही त्यातच आहे, त्यामुळे कापाकापी म्हणजे मानकभंग नाही. ऑडिटरची भीती वाटत असेल तर हेही बघा: आयएसओ ९००१ च्या (गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या) २००८ च्या आवृत्तीत सहा लिखित प्रोसीजर सक्तीच्या होत्या, २०१५ च्या आवृत्तीत ती सक्ती गेली आणि गरजेपुरती लिखित माहिती एवढंच राहिलं. न पाळलेली प्रोसीजर हे सरळ नॉनकन्फर्मिटीचं निमंत्रण आहे, कारण ऑडिटर तुमचंच वाक्य तुम्हाला वाचून दाखवतो. म्हणून गुपचूप दुर्लक्ष करण्यापेक्षा ज्या चालत नाहीत त्या रिव्हिजन नोट लावून रीतसर मागे घ्या, कारण लिहा, आणि ग्राहकाच्या करारात ज्यांची नावं आहेत तेवढ्या ठेवा. पुढच्या ऑडिटला त्यांच्यासमोर चाललेल्या एका ऑर्डरीची नोंदवही उघडा, ज्यात काही ओळी अजून 'प्रश्न' आहेत, आणि त्यातली कुठलीही एक ओळ निवडून ड्रॉइंगपर्यंत आणि टेस्ट रिपोर्टपर्यंत जायला त्यांनाच सांगा.